मागच्या ओळीचा दाखला

आमच्या टाउनशिपच्या दफ्तरात एक खोटा दाखला आहे आणि त्याखाली माझी सही आहे. हे आधीच सांगून टाकते. मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक फोनवर म्हणाला होता, "काकू, तुमचे क्लार्कच्या जॉबचे फनी किस्से लिहा ना, लोक एन्जॉय करतात." किस्से आहेत, एकदोन सांगीनही. पण यंदा मी रागावलेली आहे, आणि तो राग गिळून लिहायला बसले तर एक ओळ धड उतरणार नाही.

आमचं गाव विकस्टो. ॲन आर्बर या युनिव्हर्सिटीच्या शहरापासून दक्षिणेला तासाभराच्या ड्राइव्हवर. चारी बाजूंना मका, सोयाबीन आणि साखरेच्या बिटाची शेतं, मध्ये एक चौक, दगडी चर्च, फायर स्टेशन आणि आमचा कचेरीवजा टाउनशिप हॉल. माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, नोकरी युनिव्हर्सिटीत, पण त्याला शहरात घर नको होतं. मोकळी जागा हवी होती. ती मिळाली, आणि मला तिथं करायला काही नव्हतं. हॉलच्या दारावर 'डेप्युटी क्लार्क पाहिजे' अशी चिठ्ठी पाहिली आणि आत शिरले. पुढे म्हाताऱ्या क्लार्कबाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्या जागेसाठी निवडणूक लढवावी लागली. लढवली म्हणायचं, समोर कुणी उभंच नव्हतं.

टाउनशिपची क्लार्क म्हणजे काय, हे मंडळात कुणाला सांगता सांगता माझ्या नाकीनऊ येतात. डॉक्टर, इंजिनीअर यांच्यापलीकडे आपल्या लोकांना कामं माहीत नसतात. तर, गावचा तलाठी, ग्रामसेवक आणि स्मशानाचा हिशेबनीस यांना एकत्र कालवलं की मी होते. निवडणुका घ्यायच्या, बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं लिहायची, कुत्र्यांना बिल्ले द्यायचे, आणि दफनभूमीत कोण कुठं आहे ते सांगायचं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगली जिल्ह्यात तलाठी होते. मी या गावात दफ्तर उघडून बसते हे ऐकून ते फोनवर म्हणाले होते, "लिहिलं नाही ते झालं नाही, एवढं ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं, असा माझा समज होता.

दफनभूमीचं काम मला सगळ्यांत आवडायचं. इथं जागा घेतली म्हणजे जमीन आपली होत नाही, तिथं पुरलं जाण्याचा हक्क आपला होतो. प्रत्येक जागेचं एक जाड कार्ड असायचं. एक आजोबा दर महिन्याला खिडकीशी येऊन विचारायचे, "सू, माझी जागा कुणी घेतली नाही ना?" माझं नाव सुनंदा, पण गावानं त्याचं सू केलं. मी त्यांचं कार्ड काढून दाखवायची, "नाही हो, वाट बघतेय तुमची." ते खूश होऊन जायचे. एका गृहस्थांना सासूच्या कबरीपासून किमान तीन रांगा लांब जागा हवी होती, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला नको होती. मी नकाशा पसरून वाऱ्याची दिशा बघितली होती. हसू नका, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

आणि लूपे गार्सिया. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर काम केलेली, आता पंचाहत्तरीपुढची. दर जानेवारीत कुत्र्याचा बिल्ला घ्यायला यायची. एकामागून एक चार कुत्री झाली तिची, चौघांचंही नाव चिको. माझ्या क्लार्कगिरीच्या अगदी सुरुवातीच्या वर्षात तिनं बिल्ला पर्समध्ये टाकता टाकता विचारलं होतं, "दफनभूमीत एखादा गार्सिया आहे का गं? लहान मूल?" मी संगणकात आडनाव टाकलं, शोधलं. "नाही सापडत, लूपे." "असू दे," म्हणाली आणि गेली. पुन्हा कधी विचारलं नाही. दर मे महिन्याच्या शेवटी, गावात मृतांना फुलं वाहतात तेव्हा, ती दफनभूमीच्या मागच्या कुंपणाला एक गुच्छ बांधून जायची. कुंपणाला का बांधते, हे मीही कधी विचारलं नाही.

आता आमच्या गावाचा इतिहास. विकस्टो वसवणारी सात कुटुंबं इंग्लंडमधल्या विकस्टो नावाच्याच खेड्यातून आली, आणि गाव ते कुणाला विसरू देत नाही. चौकाला 'ग्रीन' म्हणतात. उन्हाळ्यात जत्रा भरते, तिथं चहा कपबशीतून मिळतो. तो इतका पाणचट असतो की मी दरवर्षी घरून थर्मास नेते. गावच्या इतिहास समितीची अध्यक्ष शॅरन ही त्या सातांपैकी एका घरातली. तिकडच्या विकस्टोमधली मंडळी पाहुणी म्हणून येणार असं ठरलं, तेव्हा समिती अंगात आल्यासारखी कामाला लागली. गुळगुळीत कागदावर गावच्या इतिहासाची पुस्तिका काढायची. आणि दफनभूमीच्या मागच्या टोकाला जी रिकामी पट्टी आहे, तिथं खोदून 'संस्थापकांची बाग' करायची, सात झाडं, सात बाकं, मध्ये दगडी चबुतरा.

ठेकेदाराला खोदण्याआधी क्लार्कचा दाखला लागतो, की इथं कुणी पुरलेलं नाही. मी संगणक उघडला. मागच्या ओळीत एकही नोंद नव्हती. दाखला छापला, सही ठोकली, शॅरनच्या हातात दिला. पाच मिनिटांचं काम.

सूचना फलकावर लागली आणि तिसऱ्या दिवशी लूपे खिडकीशी उभी. जानेवारी नव्हता, चिको बरोबर नव्हता.

"मागच्या ओळीत बाग करताय?"

"हो. तिथं कुणी नाही ना."

"माझा भाऊ आहे तिथं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, उभ्या उभ्याच. ती आठ वर्षांची होती. आईवडील टेक्सासहून बिटाच्या विरळणीला दरवर्षी यायचे, ट्रकमधून, टोळीनं. शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची छावणी. तिथं भाऊ जन्मला, तोमास. पाच आठवड्यांचा झाला आणि तापानं गेला. शेतमालकानं टाउनशिपमध्ये शब्द टाकला, मागच्या ओळीत जागा मिळाली. दगड नाही, नाव नाही, एक खुंटी. पुढं कुटुंब याच गावात कायमचं राहायला आलं, तोवर खुंटी कुजून गेली होती.

मी ज्या भागातली आहे तिथं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पालात जन्मलेली आणि पालातच गेलेली पोरं मी लहानपणी ऐकली आहेत, आणि त्यांची नोंद नाही म्हणून अण्णांना चिडलेलं पाहिलं आहे. लूपेची टोळी मला समजावून सांगावी लागली नाही. मी तोंड उघडून "पण लूपे, रेकॉर्डमध्ये..." एवढं म्हणाले आणि तिथंच अडकले. कारण मला दह्याचा डबा आठवला.

डेप्युटी असताना जुनी कार्डं संगणकात भरायचं काम माझ्याकडे होतं. आडनावाच्या रकान्यापुढं लाल चांदणी, आडनाव टाकल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. काही कार्डांवर आडनावच नव्हतं. पेन्सिलीनं लिहिलेलं, 'बीट छावणी, तान्हा मुलगा, पंपापासून उत्तरेला.' 'बीट छावणी, बाई.' 'अनोळखी, काकडीतोड.' मी आडनावाच्या जागी 'अननोन' टाकून पाहिलं. पहिलं घेतलं, दुसऱ्याला मशीन म्हणालं हे नाव आधीच आहे, आणि दुसरं ठेवायच्या नादात पहिलंही पुसलं गेलं. क्लार्कबाईंना विचारलं. "राहू दे गं, त्यांना शोधत कोण येणार आहे?" त्या दिवशी शुक्रवार होता. मी ती कार्डं मोजली, एकोणीस. घरून डब्याला आणलेला मोठा दह्याचा डबा होता, धुऊन पुसून ठेवलेला. आपल्या घरांत हे डबे फेकले जात नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्यात कार्डं घातली, झाकण लावलं, तिजोरीच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवलं. नंतर बघू. चिठ्ठीसुद्धा डकवली नाही. कशाला, मला माहीत होतं ना आत काय आहे ते.

लूपेनं विचारलं तेव्हा मी 'गार्सिया' शोधलं होतं. कार्डावर गार्सिया नव्हतं, 'तान्हा मुलगा' होतं. माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडं, फळीवर.

"थांब," म्हणाले आणि तिजोरीच्या खोलीत पळाले. फळी लख्ख रिकामी. समितीनं तिथं प्रदर्शन मांडायचं म्हणून वसंतात स्वयंसेवक लावून खोली साफ केली होती. शॅरनला फोन केला. तिला डबा आठवत होता. "ओ, तो जुना दह्याचा डबा? सू, तो एक्स्पायर झालेला होता. मी उघडलासुद्धा नाही. यक!"

आता मी कुणावर रागवायचं? उघडून न बघणाऱ्या शॅरनवर रागावले, खूप रागावले, तळपायाची आग मस्तकात गेली. आणि फोन ठेवल्यावर ती आग जिथं जायची तिथं गेली. गावानं त्यांना मागच्या ओळीत टाकलं, पण निदान कार्डावर लिहिलं होतं. डब्यात मी घातलं.

बाहेर येऊन लूपेला सगळं सांगितलं. तपशीलवार, डब्यासकट. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल.

"म्हणजे लिहिलं होतं?" ती म्हणाली. "माझी आई मरेपर्यंत म्हणायची, त्यांनी आपल्याला लिहिलंसुद्धा नाही. लिहिलं होतं होय?" आणि पर्स उचलून निघून गेली. मी हाक मारली, ती थांबली नाही.

घरी श्रीकांत म्हणाला, "अगं, टेन्शन नको घेऊस. इट वॉज ॲन ऑनेस्ट मिस्टेक. रिटायर व्हायला सहा महिने राहिलेत तुझे." मी त्याला म्हटलं, ऑनेस्ट तेव्हा होती, आता कळल्यावर गप्प बसले तर ऑनेस्ट राहणार नाही. त्यानं मुकाट भांडी घासायला घेतली. इतक्या वर्षांनी त्याला माझा आवाज ओळखता येतो.

बोर्डाची सभा भरली. बोर्डात पाच जण, मी त्यातली एक, आणि त्या पाचांतलाच, पण सगळ्यांच्या डोक्यावरचा सुपरवायझर गॅरी, म्हणजे आपला सरपंच. गॅरी वाईट माणूस नाही. कुणाचं छप्पर उडालं तर पहिली शिडी त्याची असते. मी उभी राहिले, माझा दाखला मागं घेते म्हणाले, आणि कारण सांगितलं.

"कार्डं कुठं आहेत, सू?" गॅरीनं विचारलं.

"कचऱ्यात."

"म्हणजे रेकॉर्ड नाही."

"मी रेकॉर्ड आहे. मी वाचली आहेत. एकोणीस होती. शपथेवर लिहून देते."

शॅरन प्रेक्षकांत होती, तिथूनच म्हणाली, "सू, तुझ्या भावना समजतात. पण ते लोक इथले नव्हतेच ना. सीझनल होते. आम्ही गावाचा इतिहास लिहितोय."

सीझनल! पाहुणे चार दिवसांसाठी येणार होते, त्यांच्यासाठी सात बाकं. आणि जे इथल्या मातीत कायमचे राहिले ते सीझनल. मी हे असंच्या असं बोलले. माझं इंग्रजी रागात फार चांगलं होतं, मीरा, माझी मुलगी, नेहमी म्हणते. मग मतदान झालं. बाग करायच्या बाजूनं चार, विरुद्ध एक. ते इतिवृत्तात लिहायचं काम माझंच. 'एक'पुढं मी माझं नाव पूर्ण लिहिलं, सू नाही, सुनंदा.

पण माझा दाखला मागं घेतलेला होता, आणि ठेकेदार बोर्डापेक्षा शहाणा निघाला. दाखल्याशिवाय फावडं लावणार नाही म्हणाला. गॅरी वैतागून म्हणाला, "अर्लला बोलाव. तो सांगेल तिथं काही आहे की नाही."

अर्ल आमचा दफनभूमीचा राखणदार. खड्डे खणणं, गवत कापणं, दगड सरळ करणं ही त्याची कामं. बिनखुणेची कबर शोधायची त्याची रीत अशी: कोटाच्या हँगरच्या तारेचे दोन तुकडे काटकोनात वाकवायचे, दोन मुठींत सैल धरायचे आणि सावकाश चालायचं. खाली कबर असली की तारा आपोआप एकमेकींवर येतात. इथल्या खेड्यांतले कितीतरी राखणदार असंच करतात. आमच्याकडं पाणाड्या विहिरीची जागा सांगायला फांदी घेऊन फिरायचा, अण्णा त्याला हसायचे. मीही अर्लला इतकी वर्षं हसत आले होते. पण तारांनी सांगितल्यावर तो मनाची खात्री करायला जमिनीत लोखंडी सळई घालून बघतो. कधी न खणलेली माती सळईला अडवते, एकदा खणलेली तिला आत घेते. ही मात्र जादू नव्हे, हे मी स्वतःच्या हातांनी सळई दाबून पाहिलं.

गॅरीही आला होता, हात खिशात घालून. अर्ल चालायचा, तारा फिरायच्या, मग सळई. जिथं ती सरकन आत जाई तिथं तो गॅसवाले जमिनीतल्या पाइपावर खुणेला लावतात तसला छोटा झेंडा रोवायचा. दुपार होईपर्यंत मागची पट्टी झेंड्यांनी भरली. मी मोजले. पुन्हा मोजले. बावीस.

माझी कार्डं एकोणीस होती. तीन जण तर कार्डावरही आले नव्हते.

गॅरीनं टोपी काढली. "बाग पार्किंगच्या बाजूला होईल," एवढंच म्हणाला. तशी ती झालीही. पाहुणे आले, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं ते झेंडे पाहून विचारलं, "आणि हे कोण?" शॅरननं तिला पाणचट चहाकडं नेलं. पुस्तिकाही निघाली. तिच्यात छावणीबद्दल एक ओळ नाही. 'शेतीमुळे गावाची भरभराट झाली,' असं आहे. शेती आपोआप झाली असावी. शेवटच्या पानावर माझा फोटो आहे, 'विकस्टोची पहिली भारतीय क्लार्क'. मी काढायला सांगितला होता. त्यांना वाटलं मी लाजतेय.

लूपेला मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. बावीस झेंड्यांत तिचा भाऊ कुठला, हे मला सांगता येत नव्हतं. पुष्कळ कार्डांवर 'पंपापासून' असं होतं, ते मला पक्कं आठवत होतं, पण दफनभूमीत पंपच नव्हता. अर्लला विचारलं. "हातपंप होता की. माझ्या बापानं काढला. पाइप आहे अजून गवताखाली," म्हणाला, आणि बुटाच्या टाचेनं माती उकरून लोखंडी टोपण दाखवलं. मी ते लूपेला पत्रात लिहिलं. साधं पत्र, पोस्टानं.

चौथ्या दिवशी ती दफनभूमीच्या फाटकाशी आली. मी तिथंच होते, नवं रजिस्टर घेऊन. हो, शिवलेल्या पानांचं, शाईनं लिहायचं. संगणकवाल्यांना मी विचारलं होतं, त्यांची लाल चांदणी अजून तशीच आहे. मी बावीस ओळी आखल्या होत्या आणि प्रत्येकीत जेवढं आठवलं, जेवढं जमिनीनं सांगितलं, तेवढं लिहिलं होतं.

लूपे माझ्याकडं न बघता म्हणाली, "पंप कुठं?" मी दाखवला.

"पपा म्हणायचे, पंपाकडं पाठ, चर्चच्या सुळक्याकडं तोंड, आणि चाळीस पावलं. आम्हाला पाठ करून घेतलं होतं त्यांनी. पंप काढला आणि मग ते पाठांतर कुठून मोजायचं तेच कळेना." तिनं मला पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "माझे पाय आता चालत नाहीत. पपा तुझ्याएवढेच होते, बुटके. तू चाल."

मी लोखंडी टोपणावर टाच ठेवली. सुळक्याकडं तोंड केलं आणि चालायला लागले. लूपे मागून मोठ्यानं मोजत होती, स्पॅनिशमध्ये. तिसाच्या पुढं पावलं लहान पडतायत की मोठी तेच समजेना. मग मी विचार करणं सोडलं आणि नुसती चालले. ती 'क्वारेंता' म्हणाली तेव्हा माझा उजवा पाय जिथं पडला, त्याच्या वीतभर पुढं एक झेंडा होता. अर्लनं त्या झेंड्यावर खूण केलेली होती, सळई फार थोड्या जागेत आत गेली होती म्हणून. लहान खड्डा.

लूपे काठी टेकत आली. झेंड्यापाशी थांबली. मी म्हटलं, "लूपे, माझं चुकलं." तिनं "असू दे" म्हणावं असं मला फार वाटत होतं. तिनं ते या वेळी म्हटलं नाही, आणि बरोबर केलं.

"लिही," म्हणाली.

मी रजिस्टर उघडलं. 'तान्हा मुलगा' या शब्दांपुढं लिहिलं, तोमास गार्सिया, पंपापासून चाळीस पावलं. वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग मी रजिस्टर मिटून काखेत घेतलं.

"हे कुठं ठेवणार?" तिनं विचारलं.

"ऑफिसात. तिजोरीत."

लूपेनं नकारार्थी मान हलवली. "मला एक कागद दे. घरी ठेवीन."

मी हॉलमध्ये जाऊन दाखला तयार केला, हातानं, टाउनशिपचा शिक्का मारून. मागच्या ओळीत तोमास गार्सिया पुरलेला आहे, एवढाच मजकूर. तो खिडकीतून तिला दिला. तिनं चष्मा लावून आधी खालची सही तपासली, मग वरचं नाव वाचलं, आणि कागद घडी न घालता, दोन्ही हातांत सपाट धरून, गाडीपर्यंत नेला.